पाठीवरचे पोते आणि सहावीच्या पुस्तकातली उतरण

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाजार समित्यांच्या आवारात नवे सेल हॉल आणि नवी गोदामे उभी राहतात तेव्हा त्यांच्या आराखड्यात वजनकाटा असतो, वाहनतळ असतो, अडत्यांचे गाळे आणि लिलावाची जागा असते; परंतु शेतकऱ्याच्या टेम्पोतून उतरलेले पोते काट्यापर्यंत, काट्यावरून थप्पीपर्यंत आणि थप्पीवरून ट्रकच्या हौद्यात कसे जाणार आहे, याचा विचार त्या आराखड्यात मला क्वचितच आढळला. तो विचार हमालाच्या पाठीवर सोपवलेला असतो. मी अनेक वर्षे तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर शेतमालाच्या बाजारात वरचेवर जाणे होते, त्यामुळे या विषयावर आपल्या दैनिकातून सविस्तर लिहावे असे वाटले. पत्र लांबले आहे, पण विषय आकडे मांडल्यावाचून पटण्याजोगा नाही.

आपल्याकडे सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘साधी यंत्रे’ हा धडा आहे. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र, चाक आणि आस ही नावे महाराष्ट्रात शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पाठ केलेली असतात. अडकित्ता कोणत्या प्रकारची तरफ, चिमटा कोणत्या प्रकारची, हेही परीक्षेपुरते येते. मात्र त्या धड्याचा गाभा असलेले सूत्र पुष्कळदा निसटते. साधे यंत्र काम कमी करत नाही, ते फक्त लागणारे बल कमी करते, आणि त्या बदल्यात तेवढेच अंतर जास्त मागते. पन्नास किलोचे पोते १.२ मीटर उंचीच्या हौद्यात न्यायचे तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ५८८ ज्यूल काम करावेच लागते. ते सरळ उचलून केले काय किंवा उतरणीवरून ढकलत नेऊन केले काय, यात एक ज्यूलही वाचत नाही. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश अभियंत्याने १५८६ साली उतरणीवरील समतोलाचा नियम मांडला आणि पुढे १६०० च्या सुमारास गॅलिलिओने स्पष्ट केले, की यंत्राने निसर्गाला फसवता येत नाही. जे बलात मिळवावे ते अंतरात आणि वेळात मोजून द्यावे लागते.

मग सारे काम तेवढेच असेल तर मिळवले काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारत, आणि तो रास्तच आहे. माणसाचे शरीर ज्यूल मोजत नाही, हे त्याचे उत्तर. स्नायूला, सांध्याला आणि मणक्यामधील चकतीला एका वेळी किती बल सोसावे लागते, त्यावर इजा ठरते. हजार वेळा पाच किलो उचलणारा माणूस संध्याकाळी दमतो आणि रात्रीच्या झोपेनंतर ताजा होतो. शंभर वेळा पन्नास किलो उचलणारा तेवढेच काम करूनही काही वर्षांत कंबर गमावून बसतो.

याचे कारण आपल्या शरीराच्या बांधणीत आहे. पाठीचा कणा हीदेखील एक तरफ आहे आणि ओझे उचलण्याच्या दृष्टीने ती अत्यंत गैरसोयीची आहे. कमरेतून वाकून आपण जमिनीवरचे ओझे उचलतो तेव्हा टेकू असतो कमरेच्या मणक्यांपाशी, ओझे असते त्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर आणि ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू असतात टेकूपासून अवघ्या ५ सेंटिमीटरवर. भारभुजा बलभुजेच्या आठपट, म्हणून पन्नास किलोचे पोते उचलताना त्या स्नायूंना सुमारे चारशे किलो वजनाएवढा ताण द्यावा लागतो, आणि तो सगळा ताण मणक्यांमधील चकतीवर दाब म्हणून येतो. यात वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन अजून धरलेलेच नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने कमरेच्या चकतीवरील दाबासाठी ३४०० न्यूटन, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलो वजनाएवढी मर्यादा धरली आहे, आणि सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने हाताने उचलायचे वजन २३ किलोच्या वर जाऊ नये असे तिचे १९९१ पासूनचे सूत्र सांगते. आपल्या बाजारातले पोते त्याच्या दुपटीहून जड आहे.

हमालांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. म्हणूनच पोते एकट्याने जमिनीवरून उचलण्याऐवजी दोघे जण ते हुकाने धरून तिसऱ्याच्या पाठीवर देतात, आणि पाठीवर घेणारा ते मानेच्या बुडाशी अशा बेताने घेतो की वजनाची रेषा कण्यावरून पायांत उतरावी. डोक्यावरचा हंडा, डोक्यावरचे घमेले, डोक्यावरची मोळी यांमागेही हेच शहाणपण आहे. ओझे कण्याच्या वर आले की भारभुजा जवळजवळ शून्य होते. यंत्र हाताशी नसताना शरीराने शोधलेली ही सर्वोत्तम युक्ती आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पण तिच्या मर्यादाही आहेत. ओझे घेताना आणि टाकताना कमरेला झटका बसतोच, मानेचे मणके सतत दाबाखाली राहतात, आणि चढ आला की हिशेब पुन्हा बिघडतो.

चढाचा हा हिशेब थोडा सविस्तर सांगतो, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. ट्रक भरताना जमिनीपासून हौद्यापर्यंत लाकडी फळी टाकलेली असते. ती पाहून ‘उतरण आहे की’ असे कुणीही म्हणेल. मात्र उतरणीचा फायदा ओझे तिच्यावरून सरकते किंवा घरंगळते तेव्हाच मिळतो. ओझे माणसाच्या पाठीवर असेल तर फळी कितीही लांब असली तरी पाठीवर पन्नास किलोच राहतात, त्यात एक ग्रॅमही घट होत नाही. फळीमुळे फक्त पायरीची उंची लहान होते. उलट, पासष्ट किलोचा हमाल पन्नास किलोचे पोते घेऊन चढतो तेव्हा तो एकूण ११५ किलो वर नेत असतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग त्याच्या स्वतःच्या देहाचा असतो. दहा टनांचा ट्रक भरायचा म्हणजे दोनशे फेऱ्या; त्या साऱ्या फेऱ्यांत टोळीने मिळून स्वतःची शरीरेच २४० मीटर उंच चढवलेली असतात, तीही वाकणाऱ्या, अरुंद आणि पावसात निसरड्या होणाऱ्या फळीवरून.

आता तीच उंची ४.८ मीटर लांबीच्या भक्कम उतरणीने गाठावी आणि पोते चांगल्या चाकांच्या ढकलगाडीवर ठेवावे. पोते आणि गाडी मिळून ६५ किलो धरले, तर लांबी उंचीच्या चौपट असल्यामुळे ढकलायला सुमारे सोळा किलो, चाकांचे घर्षण धरून अठरा किलोच्या आसपास बल लागते, आणि पाठीवर काहीच राहत नाही. अपंग व्यक्तींच्या चाकाच्या खुर्चीसाठी सार्वजनिक इमारतींत जे १:१२ चे प्रमाण सांगितलेले आहे ते घेतले, तर हेच बल आठ किलोच्याही खाली येते. जागा जास्त लागते, हे खरे. बलाची किंमत अंतराने मोजायची ती अशी. यापेक्षाही उत्तम उपाय म्हणजे सेल हॉलचा आणि गोदामाचा ओटाच ट्रकच्या हौद्याच्या उंचीचा बांधणे आणि मधली फट जाड लोखंडी पत्र्याने जोडणे. पोते एकदा ओट्यावर आले की पुढे ते उचलायचेच नाही, फक्त आडवे न्यायचे, आणि आडव्या वाटेवर चाकाला गुरुत्वाकर्षणाशी झगडावे लागत नाही. रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यांचे फलाट डब्याच्या तळाच्या उंचीला बांधलेले असत, ते याचसाठी.

इथे अनुभवी व्यापारी सांगतील, की ढकलगाड्या आणून पाहिल्या, हमालच त्या वापरत नाहीत, चार दिवसांत कोपऱ्यात जातात. हे निरीक्षण खरे आहे. मात्र त्याचा दोष हमालांच्या सवयीकडे न जाता चाकाकडे आणि फरशीकडे गेला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त गाड्यांना दहा सेंटिमीटर व्यासाची कडक चाके असतात. अशा चाकापुढे फरशीचा अडीच सेंटिमीटरचा उंचवटा किंवा तेवढाच खोल खड्डा आला, तर तो ओलांडायला त्या चाकावर जेवढे वजन असेल त्याच्या सुमारे पावणेदोनपट आडवे बल लागते. म्हणजे गाडी ढकलण्यापेक्षा उचलून पलीकडे ठेवणे सोपे. चाकाचा व्यास चाळीस सेंटिमीटर केला, की तोच उंचवटा वजनाच्या निम्म्याहून थोड्याच जास्त बलात ओलांडता येतो, आणि हवेचे टायर असेल तर आणखी सहज. बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीला लागण्याइतके उंच का असे, हे यावरून कळते. त्या काळच्या सुतारांनी वाटेतले दगड आणि गाडीवाट पाहून चाक ठरवले होते. आपण मात्र गुळगुळीत कारखान्यासाठी बनवलेली गाडी उखडलेल्या फरशीवर आणून ठेवतो आणि ती चालली नाही, की यंत्र निरुपयोगी ठरवतो. चाकाला वाट लागते. ज्या आवारात वाट सपाट केलेली नाही तिथे चाक पोहोचलेलेच नाही, असेच समजले पाहिजे.

मनावर घेतले तर आपल्याला हे जमते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे आणि तो गावोगावी उभा आहे. मी हापशाविषयी बोलतो आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे खडक फोडून विंधनविहिरी घेण्याचे काम वेगाने सुरू झाले. पण त्यांच्यावर बसवलेले बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेल्या परदेशी पंपांच्या धर्तीवर होते. अख्खे गाव दिवसभर दांडा हलवू लागले तेव्हा ते मोडू लागले, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर देशातले बहुसंख्य हातपंप बंद पडलेले होते. जालना येथे मिशनच्या कामातून पोलादी पंप तयार झाला, सोलापुरात त्यावर आणखी सुधारणा झाली, आणि त्या सोलापूर पंपाच्या आधारावर भारत सरकार व युनिसेफ यांच्या पुढाकाराने त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडवला गेला. पुढे तो देशभर लाखोंच्या संख्येने बसला आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतही गेला.

या पंपाची तरफ बारकाईने पाहण्यासारखी आहे. पाणी तीस मीटर खोल असेल, तर ६३.५ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यातील दट्ट्यावर पाण्याच्या स्तंभाचा भार सुमारे ९५ किलो येतो. दांड्याची लांब बाजू आखूड बाजूच्या साधारण आठपट असल्यामुळे हाताला लागतात बारा किलोच्या आसपास. शिवाय दांडा भरीव पोलादी असल्याने त्याचे स्वतःचे वजन खाली लोंबणाऱ्या सळ्यांना बऱ्याच अंशी तोलून धरते. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. हात जवळजवळ एक मीटर खाली येतो तेव्हा दट्ट्या साडेबारा सेंटिमीटर वर जातो आणि साधारण चारशे मिलिलिटर पाणी पडते. पंधरा-सोळा लिटरची घागर भरायला चाळीस वेळा हापसावे लागते. हे चाळीस हेलकावे कंटाळवाणे असतील, पण बारा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची आजी या दोघीही ते करू शकतात. ९५ किलो सरळ ओढणे मात्र धडधाकट माणसालाही झेपणार नाही. दांड्याच्या आसाला बेअरिंग दिले, सळी सरळ उभी राहावी म्हणून वक्र डोक्यावरून साखळी घेतली, दुरुस्तीचे भाग सगळीकडे सारखे ठेवले. तत्त्व आर्किमिडीजच्या काळापासूनचे, म्हणजे बावीसशे वर्षांहून जुने. नवे होते ते एवढेच, की कुणीतरी वापरणाऱ्याचा हात, खोली, गर्दी आणि झीज यांचे मोजमाप करून ते तत्त्व त्या जागेसाठी घडवले.

त्याआधीची मोट, म्हणजे बैलांकरवी विहिरीतले पाणी ओढून काढण्याचे साधन, हीही अशीच विचारपूर्वक घडलेली होती. विहिरीच्या काठावरचे चाक हे एकच स्थिर कप्पीचे रूप असल्यामुळे त्याने बल कमी होत नव्हते, फक्त ओढीची दिशा बदलत होती. पण ती दिशा बदलून बैलांना उताराच्या धावेवर, म्हणजे त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर लावले, की ओढताना बैलांचे स्वतःचे वजनही नाड्याच्या (दोराच्या) मदतीला येत असे आणि परतीचा चढ रिकाम्या मोटेने चढायचा असे. साताऱ्याजवळच्या लिंब गावातील अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली बारा मोटांची विहीर पाहायला लोक तिच्या शिल्पासाठी जातात. मोटा चालवण्यासाठी वर केलेली रचनाही त्यांनी तेवढ्याच लक्षाने पाहावी अशी आहे. यंत्र आणि जागा एकत्र आखली होती, हे तिथे डोळ्यांना दिसते.

बांधकामाच्या जागेचे काय, हेही थोडक्यात सांगतो. वाळू, खडी आणि कालवलेला माल आजही प्रामुख्याने बायका घमेल्याने डोक्यावरून नेतात. एकचाकी ढकलगाडी ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे: चाक हा टेकू, मध्ये भार, टोकाला हात. भार चाकापासून अर्ध्या मीटरवर आणि मुठी दीड मीटरवर असतील, तर साठ किलो वाळूपैकी हातांवर वीस किलोच येतात, म्हणजे एकेका हातावर दहा. तीन-चार घमेल्यांचा माल एका फेरीत जातो आणि मान मोकळी राहते. चीनमध्ये सुमारे अठराशे वर्षांपूर्वी हे वाहन वापरात होते. आपल्याकडे ते लहान बांधकामावर क्वचित दिसते, कारण ठेकेदाराला त्यासाठी फळ्यांची सरळ वाट आखावी लागते आणि घमेले नेणारी बाई वाकड्या-तिकड्या वाटेनेही जाते. जी सोय माणूस आपल्या शरीराने करून देतो तिच्यासाठी दुसऱ्या कुणाला खर्च करावासा वाटत नाही, एवढेच खरे कारण मला दिसते.

ऊसतोडीत हे सर्वांत तीव्रपणे जाणवते. तोडलेला ऊस मोळी बांधून डोक्यावर घ्यायचा, फडातल्या ढेकळांतून वाहनापर्यंत न्यायचा आणि तीस-चाळीस किलोच्या त्या मोळीसह शिडी किंवा फळी चढून ट्रॉलीवर टाकायचा, हे काम पुरुषांबरोबर बायकाही करतात, पुष्कळदा रात्री. २०२२ साली सांगली जिल्ह्यातील साखराळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीच्या जुवाखाली फिरते चाक बसवून बैलांच्या मानेवरचा भार कमी करणारी ‘सारथी’ नावाची रचना केली आणि तिचे सर्वत्र कौतुक झाले. ते कौतुक मीही मनापासून केले. ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यांत गाडीला बॉल बेअरिंग आहे का, हवेचे टायर आहेत का, यानुसार किती भार लादता येईल हे वेगवेगळे ठरवलेले आहे. बैलाच्या बाबतीत कायद्याने चाकाचा विचार केला. तसाच विचार मोळी वाहणाऱ्या बाईच्या मानेसाठीही झाला पाहिजे. फडाच्या कडेला तिकाटण्यावर टांगलेली दुहेरी कप्पी, किंवा ट्रॅक्टरला जोडलेला साधा उचलदांडा, यांपैकी काय टिकेल आणि परवडेल, हे कारखान्यांनी आणि महाविद्यालयांनी मिळून फडात उभे राहून ठरवायला हवे. तिथल्या मातीत लहान चाके रुततील, म्हणून बाजारातला उपाय तसाच उचलून तिथे नेता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या कमाल वजनाविषयी करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायचे वजन ५५ किलोच्या वर असेल तर ते शक्य तितक्या लवकर कमी करावे असे म्हटले. कारखान्यांपुरते, इजा होईल इतके जड ओझे कुणाला उचलायला लावू नये, हे तत्त्व आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमात घातले गेले. महाराष्ट्राने तर अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांना संघटित करून त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न ऐरणीवर आणला. या प्रयत्नांतून मजुरी, भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) यांची हमी बऱ्याच कामगारांना मिळाली. एके काळी शंभर किलोच्या घरातले पोते वाहणारा हमाल आज पन्नास किलोचा कट्टा वाहतो. युरोपातल्या अनेक देशांत सिमेंटची गोणी आता पंचवीस किलोची असते. आपली पन्नासचीच आहे.

यंत्रे आली की हमाली जाईल, ही भीती मी अनेक हमालांकडून ऐकली आहे आणि ती निराधार नाही. मजुरी नगावर किंवा क्विंटलवर मिळते. गाडीमुळे काम लवकर उरकते असे दिसले, की दर कमी करण्याची किंवा टोळीतली माणसे कमी करण्याची मागणी पुढे येते. म्हणून साधी यंत्रे आणताना नगाचा दर आणि टोळीतली नोंदणी कमी होणार नाही, असा लेखी करार आधी झाला पाहिजे. पोते गाडीने गेले तरी ते हमालानेच नेलेले असते. ते पाठीवर नेले नाही म्हणून त्याची किंमत घटवण्याचे काही कारण नाही. उलट, पन्नाशीत कंबर गेल्यामुळे ज्याला काम सोडावे लागते तो साठीपर्यंत कमावू शकेल, ही गोष्ट माथाडी मंडळांनी आपल्या सभासदांना हिशेबासह समजावून द्यावी. विजेवर चालणारे पट्टे आणि फोर्कलिफ्ट यांच्याविषयी मी मुद्दाम लिहिलेले नाही. मोठ्या गोदामांत ते येतील, पण त्यांना भांडवल, वीज आणि देखभाल लागते, आणि तालुक्याच्या बाजारात ते पोहोचेपर्यंत आणखी एका पिढीच्या पाठी झिजतील. उतरण आणि मोठे चाक यांना वीज लागत नाही.

हाच विचार शाळेतही पोहोचावा. सहावीच्या वर्गात अडकित्त्याचे चित्र काढून घेण्याबरोबरच मुलांना एकदा बाजाराच्या आवारात न्यावे, साध्या काट्याने पोते सरळ उचलायला आणि उतरणीवरून ओढायला लागणारे बल मोजायला लावावे आणि फळीवरून चढणाऱ्या माणसाच्या पाठीवर किती राहते ते विचारावे. त्यांतली अनेक मुले हमालांची, ऊसतोड कामगारांची आणि गवंडीकाम करणाऱ्यांची असतात. त्यांना या धड्याचा अर्थ शिक्षकाहूनही लवकर कळेल.

पणन विभागाला आणि बाजार समित्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे, की यापुढे मंजूर होणाऱ्या प्रत्येक सेल हॉलचा आणि गोदामाचा ओटा तिथे येणाऱ्या वाहनांच्या हौद्याची उंची मोजून ठरवावा, लहान टेम्पोसाठी एका बाजूला खालचा टप्पा ठेवावा, ओट्यावर चढायला किमान एक पक्की आणि खरखरीत पृष्ठभागाची उतरण असावी आणि काट्यापासून थप्पीपर्यंतची फरशी उंचवट्यांशिवाय करून तशीच राखण्याची जबाबदारी एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असावी. गाड्यांची खरेदी करताना चाकाचा व्यास निविदेत लिहावा आणि नमुन्याची गाडी आठवडाभर हमालांनी भरल्या पोत्यांसह चालवून पाहिल्यावरच पुढचा व्यवहार करावा. आराखडा मंजुरीला जाण्यापूर्वी त्यावर त्या आवारातील हमालांच्या प्रतिनिधीची सही घेण्याची अट घातली, तर यातल्या बहुतेक चुका कागदावरच दुरुस्त होतील. आमच्या परिसरातील कोणत्याही बाजार समितीला उतरणीची मोजमापे आणि चाकांची निवड यांसाठी मदत हवी असेल, तर मी आणि माझे काही निवृत्त सहकारी ती विनामूल्य करू. आपल्या कार्यालयामार्फत आमच्याशी संपर्क साधता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक
जि. सांगली